सुमेरू, व्हिजिट्रॉन आणि माझं लग्न

“हा डबा कुणाचा?” माझे होणारे सासरे, ढवळशंखकाका, म्हणाले, आणि माझं लग्न मोडायला सुरुवात झाली.

तोपर्यंत सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं हो! बार्शीतलं आमचं घर, दसऱ्यानंतरचा रविवार, दुपारचे तीन. याद्यांची बैठक. कार्यालय कुठलं, जिलबी की बुंदी, मानपानाची लुगडी किती, सगळं अर्ध्या तासात मिटलेलं. दिगंबरमामा मांडीवर पाट घेऊन याद्या लिहीत होता. स्थळ त्यानंच आणलेलं, म्हणून नवरदेवापेक्षा त्याचाच रुबाब जास्त. आता फक्त सुपारी फोडायची आणि पेढा तोंडात घालायचा, एवढंच उरलं होतं.

आणि तेवढ्यात ढवळशंखकाकांची नजर कोपऱ्यात गेली. कोपऱ्यात आमचा कॉम्प्युटर होता. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, म्हणायला पाहिजे. सुमेरू कंपनीचा. त्याच्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं आच्छादन, दसऱ्याला वाहिलेली झेंडूची माळ अजून तशीच, आणि मॉनिटरच्या कपाळाला हळदीकुंकू.

“डबा?” अप्पा म्हणाले. हातातला पोह्याचा चमचा त्यांनी बशीत ठेवला. “साहेब, सुमेरू आहे तो.”

“तेच म्हणतो मी. सुमेरूचा डबा.”

मी पटकन पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. कारण ढवळशंखकाकांना माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं, की अप्पांना एक वेळ माझ्याबद्दल वाकडं बोललेलं चालेल, सुमेरूबद्दल नाही. अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुमेरू कॉम्प्युटर्सचे शेअर घेतले, आणि त्या दिवसापासून ते ‘आमची कंपनी’ असंच म्हणायचे. ‘आमच्या कंपनीनं चंदीगडला नवीन शाखा काढली.’ ‘आमच्या कंपनीला यंदा पाऊस मानवला नाही.’ कॉम्प्युटर कंपनीला पाऊस कसा मानवत नाही ते त्यांनाच ठाऊक.

“तुम्ही कुठली वापरता?” अप्पांनी विचारलं. विचारलं नरमच, पण डेपोत उशिरा आलेल्या ड्रायव्हरला ते असंच विचारायचे.

काकांनी शेजारची रेक्झिनची बॅग मांडीवर घेतली, चेन उघडली आणि आतून एक काळा लॅपटॉप देव काढावा तसा काढला. “व्हिजिट्रॉन,” ते म्हणाले. “माझ्याकडे शेअर आहेत हिचे. पब्लिक इश्यूपासून.”

“अरे देवा,” मकरंद पुटपुटला. मकरंद म्हणजे नवरामुलगा.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मकरंद आणि मी एकमेकांना सात महिने ओळखत होतो. तो बार्शीच्या सहकारी बँकेत अधिकारी, आणि मी त्या बँकेचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला जायची. एकच मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मला कळलं की मागची केबल हा बाबा स्वतःच काढून ठेवतो. मी त्याला म्हटलं, “पुढच्या वेळी नुसता फोन करा, मी येईन.” पुढे जे व्हायचं ते झालं. मग त्यानं गोड बोलून दिगंबरमामाशी ओळख काढली, आणि मामाला वाटलं स्थळ आपणच शोधलं. वाटू दिलं.

पण मी दुरुस्ती करते हे काकांना सांगितलेलं नव्हतं. अप्पांनी निरोप दिला होता, ‘मुलगी कॉम्प्युटरचे क्लास घेते.’ मी चिडले होते. अप्पा म्हणाले, “बाई गं, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारोदार हिंडणारी पोरगी कोण करून घेणार? एकदा अक्षता पडू देत, मग काय सांगायचं ते सांग.” मकरंदही म्हणाला, लग्नानंतर बघू. मग माझी हत्यारांची पिशवी ज्वारीच्या पोत्यामागे गेली आणि मी सहावारी नेसून, मान खाली घालून, बैठकीच्या सतरंजीवर बसले. मला त्या माणसाशीच लग्न करायचं होतं. त्यापुढे एक पिशवी लपवणं म्हणजे काय मोठंसं, असं मी स्वतःला सांगत होते.

“व्हिजिट्रॉन चांगली आहे हो,” अप्पा म्हणाले. “पण सभेला खायला काय देते?”

काकांना प्रश्न कळला नाही असं नाही. दोघंही भागधारकांच्या वार्षिक सभेला मुंबईला जाणारे. अप्पा तर निवृत्तांच्या पासावर एसटीनं रात्रभर बसून जायचे, सभा ऐकायचे आणि दुसऱ्या रात्री परत.

“चहा आणि दोन बिस्किटं,” काका म्हणाले.

“बघा!” अप्पांनी मांडीवर थाप मारली. “सुमेरूत अख्खा बॉक्स. कचोरी, वेफर, आणि काजूची बर्फी. काजूची! कंपनी नफ्यात असल्याशिवाय काजू घालते का कुणी? शेंगदाण्याची असती तर मी त्याच दिवशी शेअर विकले असते.”

“अहो पतंगे, ही तर उधळपट्टी! आमचा चेअरमन बिस्किटं देतो, कारण पैसा धंद्यात लावतो. बर्फीत नाही. माझं सोलापुरात चाळीस वर्षं कापडाचं दुकान आहे. जो व्यापारी गिऱ्हाइकाला आधी सरबत पाजतो, त्याचा माल हमखास विटणारा असतो.”

“म्हणजे आमच्या कंपनीचा माल विटणारा?”

“मी तसं कुठं म्हटलं? पण तुमच्या सुमेरूचा वार्षिक अहवाल मी हातात धरून पाहिलाय. असा, दोन बोटांत चोळून. पातळ! खळ लावलेला कागद. आमच्या व्हिजिट्रॉनचा अहवाल बघा, हाताला खादीसारखा लागतो.”

“अहवाल वाचायचा असतो साहेब, नेसायचा नसतो!”

दिगंबरमामा मध्ये पडला. “अहो, दोन्ही कंपन्या चांगल्या आहेत. एक एसटी, एक रेल्वे. गावाला दोन्ही लागतात. सुपारी घ्यायची का?”

“थांबा हो,” दोघंही एकदम म्हणाले. डब्याचा विषय निघाल्यापासून त्या दोघांचं एकमत झालेलं ते पहिलं.

मग जी जुंपली म्हणता! अप्पांनी गादीखालून कात्रणांची वही काढली. काकांनी खिशातून चष्मा काढला. सुमेरूनं केरळच्या शाळांना यंत्रं दिली, तर व्हिजिट्रॉननं नौदलाला दिली. “नौदलाला? पाण्यात कॉम्प्युटर?” “अहो, जहाजात!” सुमेरूचा चेअरमन अप्पांच्या प्रश्नाला स्वतः उठून उत्तर देतो. “काय प्रश्न विचारला होतात?” “कचोरीबरोबर चटणी का नाही, असा.” व्हिजिट्रॉनचा चेअरमन शाकाहारी आहे. सुमेरूच्या चेअरमनचा जावई अमेरिकेत आहे. “जावई अमेरिकेत म्हणजे पैसा अमेरिकेत!” काका म्हणाले. “जावयावर बोलू नका,” अप्पा म्हणाले, “आज तो विषय नाजूक आहे.”

आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, चहा आण. मी चहा आणला. कुणी घेतला नाही. माझ्या हातच्या चहासाठी ही सगळी मंडळी सोलापूरहून आली होती, आणि आता ट्रेकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती. मकरंदनं तेवढा कप उचलला, आणि मला हळूच म्हणाला, “कुठली तरी केबल काढता येईल का गं ह्यांची?”

“एवढं असेल तर करून दाखवा,” काका शेवटी कडाडले. “दोन्ही यंत्रं चालू करू. जे आधी चालू होईल ती कंपनी खरी. बोला!”

“बोललो!” अप्पा म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. कारण अप्पांचं मशीन महिन्यातून दोनदा अडायचं, आणि मी ते रात्री गुपचूप सरळ करायची. अप्पांना वाटायचं, सुमेरू आपोआप बरी होते. चांगल्या कंपनीच्या अंगात ताकद असते, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. आणि ह्या आठवड्यात याद्यांच्या गडबडीत मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

माळ उतरवली गेली. आच्छादनाची घडी झाली. काकांनी लॅपटॉपची वायर लावली. मामानं मनगटावरचं घड्याळ हातात घेतलं, आणि ‘एक, दोन, साडेमाडे तीन’ म्हणून हात खाली केला. दोघांनी बटणं दाबली.

सुमेरूनं तीनदा ‘पी, पी, पी’ केलं आणि गप्प बसली. पडदा काळा. व्हिजिट्रॉनचा हिरवा दिवा लागला, आत पंखा घुरघुरला, आणि पडदा काळा.

आम्ही सगळे बघत राहिलो. एक मिनिट गेलं. मामानं उगाचच घड्याळ कानाला लावलं.

“तुमच्याकडे वीज कमी दाबाची आहे,” काका म्हणाले.

“तुमच्या वायरनं आमची वीज खाल्ली,” अप्पा म्हणाले.

“म्हणजे मी तुमच्या घरी वीज चोरायला आलो?”

“आणि तुम्ही माझ्या घरात बसून माझ्या कंपनीला डबा म्हणालात, ते?”

काका उठले. धोतराचा सोगा झटकून उठले, म्हणजे काय ते समजा. “मकरंद, ऊठ. ज्या घरात कचोरीवर कंपनी जोखतात, त्या घराशी सोयरीक नको. उद्या संसाराचे निर्णय असेच होतील.”

“नकोच!” अप्पाही उठले. “ज्या माणसाला बिस्किटात धंदा दिसतो, तो माझ्या मुलीला काय खायला घालणार?”

तेवढ्यात आई ताडकन पुढे आली. इतका वेळ ती दारात पदर तोंडाला लावून उभी होती. “पंधरा शेअर आहेत ह्यांचे!” ती ओरडली. “पंधरा! त्याच्या जिवावर पोरीचं लग्न मोडायला निघालेत!”

काकांनी अप्पांकडे पाहिलं. “पंधरा?” ते कुत्सित हसले. “आणि मी मघापासून कुणाशी वाद घालतोय?”

“बाबा,” मकरंद म्हणाला, “आपले पंचवीस आहेत.”

बापाच्या पुढ्यात बोलायची त्याची ती आयुष्यातली पहिली वेळ असावी, कारण बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला. पण त्यानं काही भलं झालं नाही. उलट दोघंही आता जास्त पेटले, कारण दोघांचीही मूठ उघडी पडली होती. काकांनी लॅपटॉप मिटला. एक पाय चपलेत घातला.

मी त्यांच्या त्या पायाकडे बघत होते. दुसरा पाय चपलेत गेला की संपलं. मशीन उघडावं, तर मी काय करते ते कळणार आणि लग्न मोडणार. न उघडावं, तर दोन मिनिटांत मोडणारच. मग म्हटलं, मोडायचंच असेल तर माझ्या हातानं मोडू दे. दुसऱ्याच्या कचोरीनं कशाला?

मी आत गेले, ज्वारीचं पोतं सरकवलं आणि पिशवी ओढून काढली. बाहेर आले, पदर कमरेला खोचला आणि सुमेरूच्या शेजारी फतकल मारून बसले.

“हेमांगी!” अप्पांचा आवाज चिरकला. “आत जा.”

“अप्पा, सरका जरा. उजेड येऊ द्या.”

मी चार स्क्रू काढले, डब्याची बाजू उघडली. आत ही एवढी धूळ! हळदीकुंकू पार मागच्या जाळीपर्यंत पोचलेलं. मी रॅमची पट्टी काढली. रॅम म्हणजे मशीनची आठवण. तिच्या काठाला सोनेरी दात असतात, त्यांच्यावर मळ बसला की मशीनला काही म्हणजे काही आठवत नाही. पिशवीतलं खोडरबर काढलं, शाळेत असतं तेच, आणि ते दात घासले. पट्टी परत बसवली, बटण दाबलं. पडदा उजळला.

“आहाहा!” अप्पा म्हणाले. “बघा! सुमेरू!”

“काका, तुमचा द्या,” मी म्हटलं.

काका एका पायात चप्पल घालून उभे होते. “ह्याला काही झालेलं नाही,” ते म्हणाले.

“किती दिवस झाले बंद पडून?”

मी मकरंदकडे बघितलं, तर त्याचं तोंड उघडं. त्यालाही माहीत नव्हतं.

“सहा महिने,” काका अगदी बारीक आवाजात म्हणाले. “दाखवला नाही कुणाला. शेजारचे दुकानदारच म्हणतील, ढवळशंखांची व्हिजिट्रॉन बंद पडली. कसं दिसतं ते? मी रोज बॅगेतून नेतो आणि आणतो. मघाशी रागाच्या भरात पैज लावून बसलो.”

खरं सांगते, त्या क्षणी मला तो म्हातारा आवडला. मी लॅपटॉप उलटा केला, खालचं झाकण काढलं, तिथलीही पट्टी काढून घासली. घासता घासता तिच्यावरचं नाव वाचलं आणि मला हसू फुटलं. दोन्ही पट्ट्यांवर एकाच परदेशी कारखान्याचं नाव, एकच शिक्का. मी सुमेरू बंद करून तिची पट्टी परत काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी सतरंजीवर ठेवल्या. दोघं म्हातारे वाकले. डोक्याला डोकं लागलं.

“म्हणजे आतला माल एकच?” काकांनी विचारलं.

“बराचसा. वरचा डबा वेगळा.”

“आणि रोगही एकच?” अप्पांनी विचारलं.

“हो. आणि औषधही एकच, दोन रुपयांचं.”

मी पट्ट्या जागच्या जागी बसवल्या. दोन्ही मशीनं सुरू झाली. कोण आधी झालं ते कुणी पाहिलं नाही. मग काकांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, स्क्रू-ड्रायव्हरांकडे, माझ्या खोचलेल्या पदराकडे, आणि शेवटी अप्पांकडे.

“पतंगे,” ते म्हणाले, “मुलगी क्लास घेते म्हणाला होतात.”

अप्पांची मान खाली गेली. आजवर कुठल्या साहेबापुढे न गेलेली मान. “खोटं बोललो,” ते म्हणाले. “दुरुस्ती करते ती. बँकेत, शाळेत, कचेरीत, बोलावतील तिथं जाते. बाप्यांसारखी पिशवी घेऊन. मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही येणार नाही. तिची चूक नाही. माझीच आहे.”

मकरंद पुढे झाला. “बाबा, मला ठाऊक होतं. मी तिच्याशीच—”

“तू थांब,” काका म्हणाले. ते खाली बसले. एका पायातली चप्पल तशीच. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. “बाई,” ते मला म्हणाले, “हे जे तू आज उघडून पाहिलंस, हे बाहेर कुणाला सांगणार आहेस का?”

“काय?”

“व्हिजिट्रॉन खोडरबरावर चालते, हे. बाजारात कळलं तर भाव पडेल गं!”

“आणि सुमेरूचं?” अप्पांनी दचकून वर पाहिलं. “अहो, आमचाही पडेल की!”

“पडेल म्हणजे? आपटेल! पतंगे, ही गोष्ट दोन्ही कंपन्यांच्या जिवावर उठेल. उद्या हिचं लग्न तिसऱ्याच घरी झालं, आणि तिथं ही बोलली तर?”

“तिसऱ्याकडे व्हिजिट्रॉन नसली तर तो का गप्प बसेल?”

“तेच म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मुलगी घराबाहेर जाता कामा नये. म्हणजे तुमच्या घराबाहेर जायची ती माझ्या घरात आली पाहिजे.”

“अगदी बरोबर!” अप्पा म्हणाले. “दुसरा मार्गच नाही.”

मी मकरंदकडे बघितलं. मकरंद माझ्याकडे. सात महिने आम्ही ह्यांना कसं पटवायचं म्हणून झोप उडवून घेतली होती, आणि चाळीस शेअर वाचवायला ह्या दोघांनी आमचं लग्न पाच मिनिटांत ठरवून टाकलं! आई आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आली. मामानं टोपी सारखी केली आणि पाट परत मांडीवर घेतला.

“तर मग,” मामा म्हणाला, “मुलीच्या नावापुढे काय लिहू? क्लासच ठेवू का? उगाच भावकीत चर्चा नको.”

काकांनी अप्पांकडे पाहिलं. तो प्रश्न अप्पांचा होता, आणि सगळ्यांना ते कळत होतं. मलाही. त्याआधी इतकी भीती मला त्या चपलेचीही वाटली नव्हती.

अप्पा उभे होते. त्यांच्या मशीनचा पडदा चालू होता, आणि ते त्याच्याकडे बघत होते. “महिन्यातून दोनदा हे अडायचं,” ते हळूच म्हणाले. “सकाळी उठून बघावं तर चालू. ते तू करत होतीस?”

“हो अप्पा.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्हाला ते काम आवडायचं नाही ना.”

अप्पा मामाच्या शेजारी जाऊन बसले आणि यादीच्या कागदावर बोट ठेवलं. “लिही,” ते म्हणाले. “हेमांगी रामचंद्र पतंगे. कॉम्प्युटर दुरुस्ती करते. आणि पत्रिकेतही हेच छापायचं. ठळक.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि हमसून हमसून रडले. आई धावत आली. “अगं, आता का रडतेस? जमलं की सगळं!”

मला काही सांगता येईना. बाहेर मामा मोठ्यांदा यादी वाचत होता, आणि माझं नाव आलं तेव्हा अप्पांनी त्याला थांबवलं, आणि तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली.